गफूरचाचांचं निशाण

गफूरचाचा निशाण उचलण्याआधी एक हात गोलच्या खांबावर ठेवायचे. बॉल येऊन गेलेला असायचा, दोन्हीकडचे खेळाडू ओरडत असायचे, साहेब लोक कमरेवर हात ठेवून वाट बघत असायचे, आणि हा माणूस गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट आणि फेल्टची हॅट घालून खांबाला तळवा लावून उभा. मग एकदा घसा साफ करायचे आणि निशाण वर करायचे. एक निशाण म्हणजे एक पॉइंट, दोन निशाणं म्हणजे सहा. वर गेलेलं निशाण चुकलं म्हणून त्यांनी खाली घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही. साहेब हसायचे, म्हणायचे, "अ‍ॅडमिरल दुआ मागतोय." मीही हसायचो. आयुष्यातली लाज वाटावी अशी बरीचशी कामं मी हसत हसतच केली आहेत.

ही गोष्ट दुबईची, साठच्या दशकातली. तेव्हा अमिरात हे नावही जन्माला यायचं होतं. खाडीतला गाळ उपसायचं काम एका परदेशी कंपनीकडे होतं आणि देरा नावाच्या वस्तीबाहेर, मिठानं पांढऱ्या पडलेल्या सपाट जमिनीवर कंपनीचा कॅम्प होता. वरचे साहेब बहुतेक ऑस्ट्रेलियन, खालची माणसं बहुतेक आम्ही, रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान. मी ऑफिसात टायपिस्ट होतो. मॅट्रिक झालेला, केसाला तेल लावून भांग पाडणारा, आणि आपण मजुरांपेक्षा वेगळे आहोत हे दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगणारा.

ऑस्ट्रेलियनांना सुट्टीचा शुक्रवार खायला उठायचा. त्यांच्या देशात एक वेगळाच फुटबॉल खेळतात. बॉल सोललेल्या नारळासारखा लांबोडका, तो लाथेनंही मारायचा आणि हातातही धरायचा, आणि उडी मारताना पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवला तर टाळ्या. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून बॉल गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या बुटक्या खांबाच्या फटीतून गेला तर एक. उंच खांबाला चाटून गेला तरी एकच. आणि बचाव करणाऱ्याचं बोट नुसतं लागून आत गेला, तरीही एकच. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. नियमांचं पुस्तक ऑस्ट्रेलियाहून टपालानं आलं होतं आणि मजुरांसाठी त्याचं मराठी मीच केलं होतं.

कॅम्पचे सेक्रेटरी डगसाहेब. तांबडे, दणकट, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांनी क्लब काढला, पत्र्याची एक खोली क्लबहाउस म्हणून घेतली, आणि एका जाड वहीत क्लबचा इतिहास लिहायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी खेळायला दुसरा संघच नव्हता, तेव्हा कॅम्पातले लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना व्हायचा. दुसऱ्या वर्षी तेलवाल्यांच्या कॅम्पानं संघ उभा केला. त्या खेळाला एका बाजूला अठरा माणसं लागतात. आमच्याकडे साहेब नऊ. म्हणून बारा-बारांचा खेळ ठरला आणि आमच्यातली तीन पोरं 'एक्स्ट्रा' म्हणून घेतली. त्यातला एक मी, दुसरा माझ्या खोलीतला इसाक. आम्ही अनवाणी पळायचो. मिठाची खपली पायाखाली फुटायची आणि कडा टाचेला कापायच्या.

गफूरचाचा क्लबात आले ते खांबांमुळे. गोलला उंच, सरळ लाकूड कुठे मिळेना. चाचांनी खाडीच्या काठावर मोडून पडलेल्या दोन मचव्यांच्या डोलकाठ्या शोधून काढल्या, चार माणसं घेऊन ओढत आणल्या आणि स्वतः ओळंबा लावून रोवल्या. डगसाहेब म्हणाले, "याचेच खांब, यालाच उभा करा." कंपाउंडरचा जुना कोट मिळाला, खिशावर आयोडीनचा डाग असलेला. हॅट साहेबांनी दिली. निशाणं चाचांनी स्वतः शिवली, चादरीच्या कापडाची, चारही बाजूंनी दुमड घालून.

ते मूळचे तांडेल, म्हणजे मचव्याचे कप्तान. बारा वर्षांचे असल्यापासून दर्यावर. मुंबई, बसरा, मस्कत सगळं पाण्यावरून पाहिलेलं. कॅम्पात त्यांच्याकडे दोरखान्याचं काम होतं: गाळाच्या बोटींचे दोर, कप्प्या, गाठी. बोलणं कमी, आणि जे बोलत ते ठरलेलं. कुणी काही बढाई मारली की म्हणायचे, "दर्यात खोटं बोलणारा बुडत नाय रे. बुडवतो."

ह्यामागे गोष्ट होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांच्या मचव्यावर पुढे नजर ठेवायला बसवलेला एक पोरगा डुलकी लागून झोपला. चाचांनी सुकाणूवरून हाक मारली, "दिवा दिसतो का?" पोरानं दचकून उठून सांगितलं, "दिसतो, उजवीकडं." दिवा दिसलाच नव्हता. चाचांनी त्याच्या बोलण्यावर मचवा वळवला आणि खडकावर गेला. चार माणसं गेली. पोरगा पोहून निघाला. "त्याचं काय केलंत?" मी विचारलं. "काय करणार? जिता होता. घरी पोचवला," चाचा म्हणाले. मला त्यांचा तो शांतपणा त्या वेळी मूर्खपणा वाटला होता.

आता आमचं सांगतो. तरुण पोरांना बायकापोरांपासून तोडून पत्र्याच्या खोल्यांत कोंडलं की ती दुष्ट होतात. आम्ही झालो होतो. कुणाच्या चपलेत खिळा, कुणाच्या घरून आलेल्या पत्राचं मोठ्यानं वाचन, आणि कुणी रडलं तर त्याची आठवडाभर नक्कल. चाचा म्हातारे, एकटे आणि गंभीर, म्हणजे आमच्या दृष्टीनं तयार शिकार. एका शुक्रवारी इसाकनं त्यांच्या एका निशाणाचं कापड काढलं आणि त्या काठीला पट्ट्यापट्ट्याची जुनी चड्डी बांधली. सामना सुरू झाला. गोल झाला. चाचांनी खांबाला हात लावला, घसा साफ केला आणि एका हातात निशाण, दुसऱ्या हातात चड्डी अशी दोन्ही ताठ वर करून हलवली. सगळं मैदान लोळलं. साहेब, मजूर, पाणी आणणारा गाढववाला, सगळे. चाचांच्या चेहऱ्यावर मात्र एवढंसं हसू आलं. गोल चांगला झाला म्हणून लोक खूश आहेत असं त्यांना वाटलं होतं. पुढच्या गोललाही त्यांनी तीच चड्डी तितक्याच ताठपणे हलवली.

मी हसता हसता थांबलो. इसाकही थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हातभरावर धरलेली चड्डी या माणसाला दिसत नव्हती.

संध्याकाळी दोरखान्यात गेलो. चाचा दोराचा पीळ बोटांनी चाचपत बसले होते. मी खिशातलं पत्र काढून उलटं धरलं आणि म्हटलं, "चाचा, माझ्या अब्बांचं अक्षर बघा, केवढं बारीक." ते पत्र डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "हां, बारीक हाय." इसाक फिसकन हसला. चाचांनी पत्र खाली ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. पयला कडा गेल्या, मग मधला गेला. उजेड-अंधार कळतो. माणूस आला की सावली कळते." मग माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "मुंशी, डॉक्टरला कळला तर अनफिट मारील. पुढच्या आगबोटीनं घरी. घरी माझी लेक जुबेदा हाय, तिचा मालक मेलाय, दोन पोरं हायत. मी हिकडं उभा हाय तोवर त्यांचा चालतंय."

"मग गोल कसा कळतो?"

"डोलकाठीवर आयुष्य गेला माझा. लाकडाला काय लागला तर हाताला कळतो. बाकी कानाला." ते थांबले. "पण हाताचं बोट लागला की नाय, ते नाय कळत. ते कळायला डोळेच पायजेत. मला रोज भ्या वाटतो."

मी मोठ्या मनानं म्हटलं, "घाबरू नका चाचा. आम्ही सांगू." आणि तशी व्यवस्था बसली. त्यांच्या टोकाला आमचा संघ हल्ला करायचा तेव्हा इसाक पुढे असायचा, बचाव करायचो तेव्हा गोलपाशी मी. चेंडू गेला की आमच्यापैकी एकजण चाचांच्या जवळून जाताना हळूच 'एक' किंवा 'दोन' म्हणायचा. साहेबांना मराठी कळत नव्हतं. चाचा खांबाला हात लावायचे, आपल्या हातानं एकदा खात्री करून घ्यायचे, मग निशाण. दोन हंगाम एकही चूक झाली नाही. साहेब म्हणायचे, असा अंपायर मेलबर्नलाही मिळणार नाही.

हे उपकार आम्ही फुकट केले असं कुणाला वाटू नये. त्या दिवसापासून दर गुरुवारी चाचा आमच्या खोलीवर माशाचं कालवण करून आणू लागले. आमचे कपडे त्यांच्या बादलीत जाऊ लागले. आम्ही कधी मागितलं नाही, त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. एकदा त्यांना ताप होता, तरी भांडं घेऊन आले, आणि इसाक पहिला घास घेऊन म्हणाला, "चाचा, आज मीठ कमी पडलंय हां. नजर नाही वाटतं कामात?" मी हसलो. चाचा म्हणाले, "पुढल्या वेळी बरोबर करीन." आणि दाराची चौकट चाचपत गेले.

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती आणि ती सांगायला आजही संकोच वाटतो. मला थंड पाणी हवं होतं. आम्ही पिंपातलं पाणी प्यायचो, ते तोंडाला पत्र्यासारखं लागायचं आणि चहासारखं गरम असायचं. क्लबहाउसमध्ये घासलेटवर चालणारा फ्रीज होता आणि छताला पंखा. ते फक्त मेंबरांसाठी. एक्स्ट्रानं मैदानावर खांदा मोडून घेतला तरी त्यानं जाळीच्या दाराबाहेर थांबायचं. मी तिथे कितीदा उभा राहिलो आहे. आत साहेबांच्या ग्लासावर बाहेरून घाम आलेला दिसायचा, आणि ग्लास उचलला की टेबलावर ओलं वर्तुळ उरायचं. मी त्या वर्तुळाकडे बघत राहायचो.

हंगामाच्या शेवटी तेलवाल्यांशी कपाचा सामना ठरला. डगसाहेबांनी आम्हा तिघांच्या खांद्यावर आळीपाळीनं हात ठेवला आणि म्हणाले, "ये जीतो, तुम मेंबर. प्रॉमिस." त्या आठवड्यात मी दुसरा कसलाच विचार केला नाही; जिंकलो की मेंबर, मग फ्रीजचं थंड पाणी, हे चाचांनाही सांगून टाकलं. गुरुवारी चाचा कालवण घेऊन आले तेव्हा म्हणाले, "मुंशी, उद्या सांभाळून सांग रे. उद्या लई लोकं येणार."

"इन्शाल्ला, चाचा," मी म्हटलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सामना सुरू झाला. शेवटच्या डावात आम्ही चाचांच्या टोकाला बचाव करत होतो आणि चार पॉइंटांनी पुढे होतो. वेळ संपत आली होती. तेलवाल्यांच्या कॅप्टननं, लांब टांगांच्या एका पिवळ्या मिशीवाल्यानं, चाळीस पावलांवरून बॉल मारला. मी मागे पळत गेलो आणि सगळा जीव गोळा करून उडी मारली. बॉल माझ्या बोटांच्या वरून गेला. किती वरून? वीतभर. वारा लागला, बॉल लागला नाही. तो दोन डोलकाठ्यांच्या बरोबर मधून, कशालाही न शिवता, आत गेला. सहा पॉइंट. आम्ही हरलो होतो.

मी चाचांच्या पायाशी पडलो होतो. त्यांचा हात खांबावर होता, मान माझ्याकडे वळलेली होती. ते वाट बघत होते.

"एक," मी म्हटलं. "माझं बोट लागलं, चाचा."

ते लगेच हलले नाहीत. "नक्की?"

"नक्की."

घसा साफ झाला. एक निशाण वर गेलं. शिट्टी वाजली आणि आम्ही तीन पॉइंटांनी जिंकलो.

तेलवाले धावून आले. पिवळ्या मिशीवाला चाचांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायला लागला आणि ओरडता ओरडता एकदम गप्प झाला. चाचा त्याच्या कानाच्या बाजूला बघत होते. त्यानं एक हात वर केला. चाचांची मान हलली नाही. मग तो चार पावलं मागे गेला, बॉल उचलला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "अ‍ॅडमिरल, कॅच." बॉल जोरात नव्हता आला. लहान पोरानंही झेलला असता. तो चाचांच्या नाकावर बसला. हॅट पडली, कोटावर रक्ताची धार लागली. कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या एकानं हॅट उचलून उलटी त्यांच्या डोक्यावर ठेवली. तिसऱ्यानं बोटं नाचवत विचारलं, "हाऊ मेनी?" चाचा दोन्ही निशाणं छातीशी धरून उभे होते आणि म्हणत होते, "निशाण बरोबर हाय. साब, निशाण बरोबर हाय." ते मराठीतच म्हणत होते. निशाणाबद्दल त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

डगसाहेब आले. त्यांनी आधी कपाकडे बघितलं, वर्कशॉपमध्ये पितळेचा बनवला होता, टेबलावर चकाकत होता. मग मला विचारलं, सगळ्यांच्या समोर, "तू तिथे होतास. बॉलला हात लागला?"

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर चाचा नव्हते, जुबेदा नव्हती. जाळीचं दार होतं.

"येस सर," मी म्हटलं.

ते इंग्रजी चाचांना कळलं. नाकातून रक्त येत असताना त्यांचा चेहरा उजळला. डगसाहेबांनी त्यांना हिंदीत विचारलं, "गफूर, तुमको दिखता नहीं. किसने बताया?" इसाक माझ्या शेजारी होता, त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. चाचा म्हणाले, "कोई नहीं साब. मैंने सुना." दर्यात खोटं न बोलणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. मी पायाच्या अंगठ्यानं मीठ उकरत राहिलो.

डगसाहेबांनी निकाल दिला. नियम नियम आहे, अंपायरचं निशाण शेवटचं, कप आपला. आणि आंधळा माणूस कॅम्पात ठेवता येत नाही, तोही नियम. "खलास, अ‍ॅडमिरल," ते म्हणाले, आणि त्यांच्याही खांद्यावर हात ठेवला. कोट तिथेच काढून घेतला. तो क्लबचा होता.

नवव्या दिवशी मुंबईची आगबोट होती. बोट बाहेर समुद्रात थांबायची, माणसं लाँचमधून जायची. चाचांना जेटीवर सोडायला मला जावं लागलं, कारण कागदांवर कंपनीतर्फे सही करायला कुणीतरी हवं होतं. इसाक आला नाही. त्यांच्याजवळ एक वळकटी होती आणि नाकावर पट्टी. लाँच लागेपर्यंत आम्ही दोराच्या वेटोळ्यावर बसलो.

"मुंशी," ते म्हणाले, "नोकरी गेली त्याचा नाय मला काय. आज ना उद्या जाणारच होती. पण लोकं बोलतील, आंधळ्यानं चुकीचा निशाण दाखवला. बोट लागला होता ना रे?"

"लागलं होतं, चाचा."

"कुठला?"

मी गडबडलो. "हे. अंगठ्याजवळचं."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक. साहेब त्या वहीत लिवतो ना सगळा, त्यात लिवायला सांग. गफूरचा निशाण बरोबर होता, बस एवढाच. नातीकडून पत्र लिवीन तुला." लाँचचा माणूस "यल्ला, यल्ला" ओरडला. मी त्यांना हात धरून फळीवर चढवलं. त्यांनी वळून हात केला, तो माझ्या दिशेनं नव्हता, शेजारच्या एका खजुराच्या ढिगाच्या दिशेनं होता. मीही हात केला. कुणी बघत नव्हतं, तरी केला.

मी मेंबर झालो. पहिल्या दिवशी पंख्याखाली बसलो, ग्लास दोन्ही हातांत धरला आणि पाणी घोटाघोटानं प्यालो. खोटं कशाला सांगू, ते फार चांगलं लागलं. साहेब चाचांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, नवीन माणूस आला की सांगायचेच. बॉल नाकावर बसला तिथे सगळे टेबलावर हात आपटायचे. मीही आपटायचो. मेंबरच होतो. मग डगसाहेबांनी क्लबच्या इतिहासाची वही मला टाइप करायला दिली. त्या वर्षाच्या पानावर होतं: तीन पॉइंटांनी विजय. गोल अंपायर आंधळा असल्याचं सामन्यानंतर उघड झालं, मोठी करमणूक झाली. मी ते टाइप केलं, स्पेलिंग तपासलं आणि फायलीत लावलं.

ईदेला पत्र आलं. शाळकरी गोल गोल अक्षर. 'आजोबा विचारतात, वहीत लिहिलं का?' मी उत्तर दिलं नाही. पुढच्या ईदेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी एका ओळीत कळवलं, 'लिहिलं आहे.' त्यानंतर पत्रं थांबली आणि मला बरं वाटलं.

रजेवर आलो तेव्हा त्यांच्या गावावरूनच माझा रस्ता जात होता. टाळता आलं असतं, पण अब्बांनी आग्रह धरला. खाडीकाठचं लहानसं घर, अंगणात वाळत घातलेली सुकट. जुबेदा दुसऱ्यांची जाळी विणत बसली होती, बोटं चिरलेली. पडवीत चाचा बसले होते. डोळे आता पूर्ण पांढरे झाले होते. मी सलाम केला तशी आवाजावरून ओळखलं.

"मुंशी! ये, ये." आनंदानं त्यांचा आवाज फाटला. त्यांनी नातीला हाक मारली, अकरा-बारा वर्षांची मुलगी धावत आली. "हाच तो. हाच मुंशी." मुलगी माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मग मला कळलं की सगळ्या गावाला ती गोष्ट माहीत आहे. आंधळ्या गफूरनं डोळसांच्या मैदानात बरोबर निशाण दाखवलं आणि साहेबानं ते वहीत लिहून ठेवलं. माझं एका ओळीचं पत्र पेटीत कुराणाच्या रुमालाशेजारी ठेवलेलं होतं. हद्दीचा तंटा झाला तरी लोक म्हणे आधी गफूरला विचारायचे, त्याचा शब्द साहेबांनीही मानलाय म्हणून.

मुलगी लाजत म्हणाली, "ते बोट दाखवा ना. बॉल लागला ते."

मी हसलो आणि हात पुढे केला. चाचा म्हणाले, "मला दे, मी बघतो." त्यांनी माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. दोर ओढून ओढून कातडं झालेले हात. "कुठला रे?"

"हे," मी म्हटलं आणि मधलं बोट उचललं.

त्यांची बोटं त्या बोटावर थांबली. पेऱ्यापेऱ्यावरून फिरली, टोकापर्यंत आली, आणि तिथेच राहिली. अंगणातली कोंबडी पडवीत आली, ती मुलीनं हाकलली. चाचांच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही. सावकाश गेला.

"जेटीवर अंगठ्याजवळचा बोललास," ते म्हणाले.

त्यांनी माझा हात उचलला आणि माझ्याच गुडघ्यावर नीट ठेवला.

"आजोबा, काय झालं?" मुलगी म्हणाली.

"काय नाय. तू पाणी आण मुंशीला." ते खांबाला टेकून बसले, एक हात पडवीच्या खांबावर ठेवून. घसा साफ केला. "माठाच्या बुडातला आण. ह्याला थंड लागतो."

मुलीनं तांब्या भरून आणला. बाहेरून ओला झाला होता. चाचा ऐकत होते. मी तो सगळा प्यालो.